दोन जिवांची

मराठीत गरोदर बाईसाठी शब्दांची वाण नाही. पोटुशी, गर्भार, दिवस गेलेली, भरल्या दिवसांची. प्रत्येक शब्दात तिच्याकडे पाहण्याची एक तऱ्हा आहे. पण या सर्वांत मला अधिक विचार करायला लावणारा शब्द म्हणजे 'दोन जिवांची'. या शब्दात हिशेब आहे. कालपर्यंत जी एक होती ती आज दोन झाली. म्हणून तिला जड उचलू देऊ नये, तिन्हीसांजेला वेशीबाहेर पाठवू नये, तिचे मन मोडू नये, असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. ऐकायला हा हिशेब सरळ वाटतो. एकात एक मिळवला की दोन. परंतु तो व्यवहारात कसा मांडला जातो हे पाहू लागले, की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. दुसरा जीव आला की सर्वांचे डोळे त्या दुसऱ्याकडे लागतात आणि पहिला जीव हिशेबातून हळूच गळतो. तोंडाने दोन म्हणायचे आणि मनात एकच मोजायचा, अशी ही बेरीज आहे.

म्हणून एक प्रश्न विचारावासा वाटतो. गरोदर बाई नर्सबाईकडे तपासणीला जाते तेव्हा तपासणी कोणाची होते? तिची, की तिच्या पोटातल्या बाळाची? कोणी म्हणेल, दोघे एकाच देहात आहेत. मग हा प्रश्न विचारण्यात हशील काय? हशील आहे. एखाद्याचे भले आपण त्याच्याकरिता करतो की त्याच्या द्वारे दुसऱ्या कोणाकरिता करतो, यावर त्या भल्याची जात ठरते, आणि ते भले किती दिवस टिकणार हेही ठरते. विहिरीला कठडा बांधावा तो पाण्यासाठी. विहिरीवर प्रेम आहे म्हणून कोणी बांधीत नाही. पाणी आटले की कठड्याकडे कोण पाहतो?

मी राहते ते मावळातले नवलाख उंबरे हे गाव. तळेगावच्या उत्तरेला, भातखाचरांच्या आणि डोंगरांच्या कुशीत ते आहे. उंबरा म्हणजे घर या अर्थाने नाव घेतले, तर नऊ लाख घरांची नगरी डोळ्यांपुढे उभी राहते. प्रत्यक्षात मावळातल्या इतर गावांसारखेच हे एक गाव. अलीकडच्या वर्षांत इथल्या जमिनींवर औद्योगिक वसाहत आली, मोटारींचे कारखाने उभे राहिले, आणि भात लावणारी पोरे पाळीने कामाला जाऊ लागली. पण उंबरा या शब्दाने मला बाळंतपणाच्या संदर्भात नेहमी विचारात पाडले आहे. पूर्वी सुईण उंबरा ओलांडून आत येई. आता गरोदर बाई उंबरा ओलांडून बाहेर जाते. एका पिढीत घडलेला हा बदल लहान नव्हे.

सुईण येई ती कळा सुरू झाल्यावर. त्याआधीच्या नऊ महिन्यांत कोणी कोणाला तपाशीत नसे. प्रकृती बिघडली तर वैद्य, अंगात आले तर देवऋषी. धडधाकट बाईला कशाला दाखवायचे? पुष्कळ गावांत सुईण ही अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतली असे. अडलेल्या वेळी तिचा हात घरातल्या सगळ्यांत नाजूक जागी चाले. नाळ तीच कापी, पहिला स्पर्श बाळाला तिचाच होई. आणि मूल जन्मले, सोयर सुरू झाले, तिला धान्य-लुगडे दिले, की तीच बाई पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिच्या हाताची गरज होती, तिची नव्हती. हे उदाहरण मी मुद्दाम देते. काम संपताच माणूस नकोसे होणे ही गोष्ट त्या खोलीत एकीच्याच वाट्याला येत नसे. खाटेवर पडलेल्या दुसरीच्याही वाट्याला ती सौम्य रूपात येई. मुलगा झाला तर तिचे कौतुक, मुलगी झाली तर तिचे नशीब. दोन्ही वेळा तिची किंमत तिच्या पोटातून काय निघाले यावर ठरे.

यावर एक आक्षेप चटकन पुढे येतो. आपल्याकडे गरोदर बाईचे कोडकौतुक काय थोडे होते? डोहाळे पुरवणे हा तर आपल्या संस्कृतीचा मोठा जिव्हाळ्याचा भाग आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळा, नाही तर चांदण्यातले जेवण. एरवी सुनेला काय हवे हे ज्या घरात कोणी विचारीत नाही, तिथेही या दिवसांत 'तुला काय खावंसं वाटतं?' असे विचारतात. हे खरे आहे, आणि सुंदरही आहे. पण डोहाळ्यांच्या मुळाशी काय आहे ते पाहावे. आपल्या वैद्यकग्रंथांनी गरोदर स्त्रीला दोन हृदयांची म्हटले आहे. सुश्रुतसंहितेप्रमाणे चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि त्याच्या इच्छा आईच्या तोंडून बोलू लागतात. म्हणून ती दौहृदिनी. तिच्या इच्छा पुरवल्या नाहीत, तर मूल कुबडे, लंगडे, ठेंगणे, मंद निपजते असा इशाराही तिथे दिला आहे. चरकसंहितेतही दोन हृदयांचा हा विचार आहे. म्हणजे काय झाले? तिला चिंच हवी, आवळा हवा, माहेरी जायचे आहे, या इच्छा मानल्या गेल्या. पण त्या तिच्या म्हणून नव्हे. तिच्या तोंडून बोलणारा दुसरा कोणी आहे म्हणून. ज्या दिवशी ती पुन्हा एका हृदयाची झाली, त्या दिवशी तिची चिंच चिंचेच्या झाडावर राहिली.

यात जुन्या लोकांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. नवे लोकही याच वाटेने आले आहेत. निरोगी दिसणाऱ्या गरोदर स्त्रीची ठरावीक काळाने तपासणी करावी, ही कल्पना जगातसुद्धा फार जुनी नाही. तिचा पाया घालणाऱ्यांत एडिंबरोचे डॉक्टर जॉन बॅलंटाइन यांचे नाव अग्रभागी घेतात. १९०१ साली त्यांनी गरोदर स्त्रियांसाठी रुग्णालयात खाट असावी म्हणून लेखणी उचलली. त्यांचा मुख्य अभ्यास होता तो गर्भाच्या व्यंगांचा आणि रोगांचा. बाळाकडे पोचायचे तर वाट आईच्या देहातून जाते, म्हणून आईची तपासणी. पुढे माता-बाल आरोग्य या नावाचे खाते जगभर उभे राहिले. १९८५ साली ॲलन रोझेनफील्ड आणि डेबोरा मेन या दोघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक लेख लिहून सरळ विचारले, की या माता-बाल आरोग्यातली माता आहे कुठे? मुलांसाठी लसी आल्या, जुलाबावर साखर-मिठाचे पाणी आले. पण बाळंतपणात बाया मरतात त्या थांबवण्यासाठी या कार्यक्रमांत फारसे काही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नावात माता आधी आणि कामात माता शेवटी! आपल्या 'दोन जिवांची'सारखीच ही बेरीज.

आता मी पाहिलेली एक तपासणी सांगते. जिची ती झाली तिला विचारूनच सांगते आहे, आणि तिचे नावगाव सांगत नाही. तिला सहावा महिना चालू होता. नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. सासूने मला बरोबर चला म्हटले. सून बारावी शिकलेली, कार्ड तिचे तिला वाचता येत होते. पण सासूचे म्हणणे असे, की शाळेच्या बाई बरोबर असल्या म्हणजे सिस्टर नीट बोलतात. कागदोपत्री सिस्टरचे पद साहाय्यक परिचारिका प्रसाविका असे लांबलचक. गावात ती नुसती सिस्टर. उपकेंद्राच्या ओसरीवर दहा-बारा बाया बसल्या होत्या. कोणाच्या मांडीवर थोरले मूल, कोणाच्या पिशवीत ते घडी घालघालून मऊ झालेले माता-बाल संरक्षण कार्ड. वजनकाटा, दंडाला बांधायचा रक्तदाबाचा पट्टा, बोट टोचून रक्ताचा थेंब, लघवीची बाटली, पोटावरून मोजपट्टी. एकेक बाई आत जाई आणि पाच-सात मिनिटांत बाहेर येई.

आमची पाळी आली तेव्हा सिस्टरने विचारायला सुरुवात केली.

"गोळ्या घेतेस का रोज?"

"घेती की," सासू म्हणाली.

"जेवण जातं का?"

"चांगलं जातंय."

"पाय सुजतात का?"

"न्हाय सुजत."

सिस्टरने वर पाहिले. "मावशी, पाय तुमचे का हिचे?"

सगळ्या हसल्या, सासूही हसली. मग सिस्टरने आम्हां दोघींना पडद्याबाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. पडदा तो पडदाच; पलीकडचे सगळे ऐकू येत होते. तिने बाळाचे ठोके ऐकले, मोजले, कार्डावर लिहिले. आणि मग विचारले, "आता तुला काय होतंय ते सांग."

"बाळाचं बरं आहे ना?" सुनेने विचारले.

"बाळाचं आत्ता ऐकलं. ते मजेत आहे. तुझं सांग."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. सिस्टरने दुसरा प्रश्न विचारला नाही, की पुढच्या बाईला हाक मारली नाही. ती थांबली. मग सून म्हणाली, "रात्री झोप लागत नाही. माझी आई माझ्या धाकट्या भावाच्या वेळेला गेली. बाळ झालं, आणि मग रक्त थांबलंच नाही."

बाकावर माझ्या शेजारी सासू पदराचे टोक चुरगाळीत होती. हळूच म्हणाली, "मला ठावं हुतं, बाई. पण असल्या दिसांत असलं बोलू नये म्हणत्यात."

सिस्टर तिला समजावून सांगत होती: बाळंतपणानंतर रक्त का जाते, ते आवरायला कोणते इंजेक्शन असते, बाळंतपण दवाखान्यात व्हायचे ते का, रक्तगट कार्डावर कुठे लिहिला आहे, रात्री-अपरात्री १०८ ला फोन कोणी करायचा, रक्ताची गरज पडली तर घरातले कोण येणार. आईच्या मरणासाठी त्या कार्डावर रकाना नव्हता. पण त्या सकाळी त्या मुलीची जी तपासणी झाली, ती वजनकाट्यावर झाली नाही की मोजपट्टीने झाली नाही. 'तुझं सांग' म्हणून सिस्टर गप्प राहिली, त्या मिनिटभरात ती झाली. एवढा वेळ ती दोन जिवांची बाई खरोखर दोन जिवांची होती.

इथे व्यवहारी माणसाचा प्रश्न येईल, आणि तो टाळण्याजोगा नाही. तो म्हणेल, बाईला आराम मिळतो, गोळी मिळते, प्राण वाचतो. मग तो बाळासाठी वाचवला की तिच्यासाठी, याची चिकित्सा करणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. आकडेही त्याच्या बाजूने बोलतात. महाराष्ट्रात २००१ ते २००३ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत होत्या. २०१८ ते २०२० या काळात ही संख्या ३३ वर आली. या मधल्या वर्षांत वाचलेल्या बायांना जाऊन विचारा, की तुला कोणत्या हेतूने वाचवले. त्या हसतील. हे मला मान्य आहे. शिवाय ज्यांनी स्त्रियांसाठी काही मिळवले त्यांनाही बाजारात चालणारे नाणेच वापरावे लागले. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात कारखान्यातल्या स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, म्हणून त्याचा बराचसा भार सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. राष्ट्राच्या नावाने का होईना, गिरणीतल्या बाईला साच्यापासून दूर बसता आले. उपाशी माणसाला भाकरी देणाऱ्याचा हेतू तपासत बसू नये, ही गोष्ट खरी.

पण भाकरी कधी थांबते हे तरी पाहावे. हेतूची परीक्षा मदतीच्या मध्यभागी होत नाही. मदतीच्या दोन्ही काठांवर होते. बाई गरोदर होण्याच्या आदल्या दिवशी आणि तिचे गरोदरपण संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आपण तिच्याशी कसे वागतो, तिथे आपला हेतू उघडा पडतो.

पहिला काठ घ्या. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. म्हणजे रक्त गरोदरपणाने कमी होते असे नव्हे. ते आधीच कमी असते, आणि आपल्या ध्यानात येते ते गरोदरपणात. बोटाला सुई टोचून थेंब पाहावासा वाटतो, तो त्या रक्तावर दुसऱ्या कोणाचा हक्क लागला म्हणून. शाळेत आता मुलींना आणि मुलांनाही आठवड्याला एक निळी गोळी मिळते. मी ती वाटते. ही योजना चांगली आहे. पण गोळी देताना मुलींना काय सांगतात ते ऐकावे. 'उद्या तुम्ही आई होणार, म्हणून घ्या,' असे सांगितले जाते. बारा वर्षांच्या मुलीला, तुला आज धावताना धाप लागू नये म्हणून घे, तुझे डोके दुखू नये, गणित सुचावे म्हणून घे, असे सांगायला आपल्याला शब्द सुचत नाहीत. आणि जी मुलगी शाळा सोडून घरी बसली, तिला गोळी देणारा हात पुन्हा भेटतो तो बहुधा तिला दिवस गेल्यावरच.

या पहिल्या काठावरचे सर्वांत धक्कादायक चित्र आपल्याच महाराष्ट्रातून पुढे आले. गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग होता, आणि याआधी अशी तपासणी जिची कधी झाली होती अशा स्त्रिया सुमारे ८ टक्केच होत्या. हे दुखणे त्यांनी कुठे लपवले नव्हते. त्यांना कोणी विचारले नव्हते. मूल होणार असेल तर पोट तपासायचे. मूल होणार नसेल तर त्या पोटात काय दुखते याच्याशी जगाचे देणेघेणे नव्हते.

दुसरा काठ त्याहून अवघड आहे. बाळंतपण झाले की आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत घरी येऊन जाते. गडचिरोलीच्याच प्रयोगातून ही पद्धत देशभर गेली आणि तिने असंख्य अर्भके वाचवली. पण भेटीचे नाव पाहा: नवजात बालकाची काळजी. आशाताई आईलाही विचारते. चांगली आशाताई पुष्कळ विचारते. तथापि ती आली आहे बाळाकडे, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. आणि जिचे बाळ राहिलेच नाही? चौथ्या-पाचव्या महिन्यात जिचे दिवस गेले तसे संपले, तिच्या कार्डाचे पुढे काय होते? ते ट्रंकेच्या तळाशी जाते. तिचा देह तोच आहे, रक्त पूर्वीपेक्षा कमी आहे, मन मोडलेले आहे; पण ती आता एका जिवाची झाली. 'अजून वय आहे, पुढच्या वेळी होईल,' असे तिला सांगतात. या वाक्यात सांत्वन आहे, असे बोलणाऱ्याला वाटते. ऐकणारीला कळते, की आपल्याला भेटायला आलेले माणूसही पुढच्या बाळाशीच बोलत आहे.

व्यवहारी माणसापेक्षा मोठा आक्षेप आई घेते. ती म्हणेल, तुम्ही कशाला माझी वकिली करता? मला बाळाआधी माझे काही नको आहे. त्या मुलीनेही आपले सांगण्याआधी 'बाळाचं बरं आहे ना?' असेच विचारले होते. आईपण म्हणजे स्वतःला विसरणे, आणि त्यात तिला आनंद आहे. मग तिला पुन्हा पुन्हा 'तुझं सांग' म्हणून तिच्या आनंदात मीठ का कालवायचे?

या आक्षेपापुढे मी पुष्कळ दिवस थांबले आहे, कारण तो खोटा नाही. स्वतःला विसरण्यात एक मोठेपणा आहे. पण विसरण्याचा हा हक्क ज्याचा त्याचा आहे. माझ्या ताटातली भाकर मी दुसऱ्याला दिली तर तो त्याग. माझ्या ताटातली भाकर तुम्ही परस्पर उचलून दुसऱ्याला दिलीत आणि माझ्या त्यागाची स्तुती केलीत, तर त्याला दुसरा शब्द आहे. आईने स्वतःला विसरावे. ती विसरते म्हणून इतरांनी तिला विसरावे असा त्याचा अर्थ होत नाही. उलट ती विसरते म्हणूनच कोणी तरी तिची आठवण ठेवली पाहिजे. तिच्या नावाने तिला विसरण्याचा अधिकार नवऱ्याला नाही, सासूला नाही, सरकारला नाही, आणि मातृत्वाची स्तोत्रे लिहिणाऱ्या आम्हां लेखकांना तर मुळीच नाही.

हे कोणाला तरी फार आधी कळले होते. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. पुढे १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हाच होता. जाण्यापूर्वी सेरामपूरला दिलेल्या व्याख्यानात, हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टर का हव्यात, हे त्यांनी सांगितले होते. आपले दुखणे ज्याच्यापाशी बोलता येईल असे माणूस स्त्रीला मिळाले पाहिजे, हे त्याचे मर्म. आणि १९२१ साली मुंबईत र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र काढले आणि पुढे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. मूल हवे की नको, केव्हा हवे, हा निर्णय स्त्रीच्या इच्छेचा आहे, असे ते बोलत राहिले. त्याबद्दल त्यांना नोकरी गमवावी लागली, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. या दोघांचे मार्ग अगदी निराळे. परंतु स्त्रीचा जीव हा कशाचे तरी साधन म्हणून नव्हे, तर तिचा म्हणून मोजा, ही मागणी दोघांच्या कामात आहे.

मग करावे काय? मोठ्या योजना आखणे माझे काम नव्हे. सरकारने मिडवाइफांना नवे शिक्षण देण्याचे २०१८ साली ठरवले आहे. त्यातून चांगल्या प्रसाविका तयार होतील अशी आशा धरू या. पण ज्या सिस्टरपुढे ओसरीवर दहा-बारा बाया बसल्या आहेत आणि संध्याकाळपर्यंत रजिस्टर भरून द्यायचे आहे, तिला केवळ उपदेश करून भागणार नाही. विचारायला शब्द लागतात दोनच. उत्तरासाठी थांबायला वेळ लागतो, आणि तो वेळ तिच्या कामाचा भाग म्हणून कोणी तरी मोजला पाहिजे. किती बायांची वजने झाली याचा आकडा वर जातो. किती बायांचे ऐकून घेतले याचा आकडा कुठे जात नाही, म्हणून ते ऐकणे तिच्या चांगुलपणावर अवलंबून राहते. कर्तव्य ज्या दिवशी कोणाच्या तरी चांगुलपणावर सोपवले जाते, त्या दिवशी ते निम्मे संपलेले असते.

बाकीचे निम्मे आपल्याकडे आहे. आपल्या समाजात बाळंतविडा नेण्याची रीत आहे. नाव बाळंतिणीचे, आत पाहावे तर अंगडे, टोपडे, दुपटे, वाळे, खुळखुळा. तिच्या वाट्याला फार तर एखादा खण, आणि डिंकाचे लाडू, तेही दूध यावे म्हणून. ही रीत मोडावी असे मी म्हणणार नाही. टोपड्यातले बाळ पाहिले की कोणाचेही मन हरखते, आणि हरखावेच. एवढेच म्हणेन, की पाळण्याकडे जाण्याआधी खाटेकडे जावे. तिला विचारावे, 'तू कशी आहेस?' ती सवयीने बाळाचे सांगू लागेल; किती पिते, किती झोपते, कोणासारखे दिसते. ते ऐकून घ्यावे, आणि पुन्हा एकदा विचारावे. पाळणा रिकामा असेल त्या घरी तर हे विचारायला अगत्याने जावे. दोन जिवांची म्हणून जिचा आपण नऊ महिने मान राखला, तिचा एक जीव आपल्या लेखी खरोखर होता की नाही, हे तिला त्या प्रश्नावरून कळणार आहे.